मालिश की कायरोप्रॅक्टिक? आधी दुखतंय काय ते पाहा

मॅचनंतर कंबर धरली की हल्ली दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘जाणत्या हाताची मालिश करून घे.’ दुसरा म्हणतो, ‘कायरोप्रॅक्टरकडून पाठ मोकळी करून घे.’ दोन्हीकडे उपचार हातानेच होतो, म्हणून बरेच जण त्यांना एकच समजतात. पण मालिश मुख्यतः स्नायूंवर होते, तर कायरोप्रॅक्टर सांध्यांवर, त्यातही मणक्यांवर काम करतो.

कायरोप्रॅक्टिक ही पद्धत डी. डी. पामर यांनी 1895 साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टमध्ये सुरू केली. बहुतेक आजार मणके हलल्यामुळे होतात, हा त्यांचा सिद्धांत टिकला नाही. सांध्याला छोटा, झटपट हिसका देण्याचं तंत्र मात्र टिकलं. कंबरदुखीत त्याने काहींना आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तितकाच. तो ‘कडक’ आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. त्यामुळे आवाज मोठा आला म्हणजे गुण जास्त आला, असं नाही. मानेला हिसका मात्र मी तरी घेऊ देणार नाही. क्वचित का होईना, त्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याच्या नोंदी आहेत.

मालिश आपल्या तालमींत मुरलेली आहे. मेहनतीनंतर अंग रगडून घेतलं की पुढचे दोन दिवस ठणका थोडा कमी राहतो, अंगही जरा सैल होतं. ताकद किंवा वेग मात्र त्याने वाढत नाही. ‘लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ हेही खरं नाही. ते शरीर साधारण तासाभरात आपणच साफ करतं.

कबड्डीत मांडीवर जोरात गुडघा बसला की सोबती लगेच चोळायला धावतात. कृपा करून हे थांबवा. आत स्नायूत रक्त साकळत असतं. चोळल्याने रक्तस्राव वाढतो आणि पुढे त्या जागी हाड तयार होण्याचा धोकाही असतो. सुरुवातीला बर्फ, दाबपट्टी आणि झेपेल तितका गुडघा वाकवून ठेवणं बरं.

दुखापत होऊच नये म्हणून पैसे आणि वेळ कशावर घालवावा? माझं मत स्पष्ट आहे: व्यायामावर. नॉर्डिक व्यायामात गुडघे टेकायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि धड सावकाश पुढे झुकवत न्यायचं. तो नियमित करणाऱ्या संघांत मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळजवळ निम्म्या झालेल्या दिसल्या आहेत. इतका भक्कम पुरावा ना मालिशीपाशी आहे, ना कायरोप्रॅक्टिकपाशी.

वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाची कंबर मागे वाकताना एकाच बाजूला दुखत असेल, तर मणक्याला ताणाने बारीक तडा गेलेला असू शकतो. तिथे ना रगडा, ना हिसका. आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचं, आणि निदान होईपर्यंत गोलंदाजी बंद.