वायदा की जुगार? कॉलेज बास्केटबॉलवरील सौद्यांची पार्श्वभूमी

७ एप्रिल २०२५ रोजी सॅन अँटोनिओ येथे अमेरिकेतील पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेची अंतिम लढत झाली. दुसऱ्या सत्रात १२ गुणांनी पुढे असलेला ह्यूस्टनचा संघ फ्लोरिडाकडून ६५-६३ असा हरला. शेवटच्या सेकंदांत ह्यूस्टनच्या एका खेळाडूने फेकीसाठी उडी घेतली, प्रतिस्पर्धी आडवा येताच चेंडू हातून सोडला आणि पुन्हा उचलला तर नियमभंग होईल म्हणून तो उसळणाऱ्या चेंडूजवळ हतबल उभा राहिला. त्या स्पर्धेवर पैसे लावण्याचा एक नवा मार्ग त्याच वर्षी खुला झाला होता: ‘काल्शी’ या केंद्रीय परवाना असलेल्या बाजारातील सौदे.

‘अमुक संघ जिंकेल’ या कराराचा भाव १ ते ९९ सेंट असतो. संघ जिंकला तर १ डॉलर मिळतो, हरला तर काहीच नाही. भाव ४० सेंट असेल, तर बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता सुमारे ४० टक्के आहे. येथे समोर बुकी नसतो, उलट मताचा दुसरा ग्राहक असतो, आणि सामना चालू असतानाही करार विकून बाहेर पडता येते.

या पद्धतीचे मूळ विद्यापीठातच आहे. १९८८ मध्ये आयोवा विद्यापीठातील प्राध्यापकांनी अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी छोट्या रकमांचा असा बाजार उभारला. पुढे २०१० च्या कायद्याने युद्ध, हत्या, दहशतवाद आणि जुगार यांवरील करार लोकहिताविरुद्ध वाटल्यास रोखण्याचा अधिकार वायदेबाजाराच्या केंद्रीय नियामकाला दिला. निवडणुकीवरील करार याच आधारे अडवले गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने काल्शीच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये खेळांवरचे सौदे सुरू झाले.

दरम्यान, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरील सट्ट्याला परवानगी देण्यापासून रोखणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केल्यापासून खेळांवरील सट्ट्याचे नियम राज्यांच्या हाती आले होते. न्यू जर्सीने सट्ट्याला परवानगी देतानाही आपल्याच राज्यातील कॉलेज संघांवर पैसे लावण्यास मनाई ठेवली. ही सावधगिरी मला रास्त वाटते, कारण तिच्यामागे १९५१ चा अनुभव आहे. त्या वर्षी मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग या खेळाडूने आपल्याला १००० डॉलरची लाच देऊ केल्याचे प्रशिक्षकांना सांगितले आणि चौकशीत अनेक संघांतील मुले अडकली. त्यांत १९५० मध्ये दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या सिटी कॉलेजचे खेळाडूही होते. सट्टा गुणांच्या फरकावर लागत असल्याने सामना हरण्याचीही गरज नसे. अपेक्षेपेक्षा कमी फरकाने जिंकले तरी सटोडियांचे काम होई.

वायदा कुठे संपतो आणि जुगार कुठे सुरू होतो, हा प्रश्न मुंबईला परका नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लागणाऱ्या आकड्यांतूनच इथला मटका जन्मला. अमेरिकेत मात्र आता हा प्रश्न न्यायालयांसमोर आहे. मार्च २०२५ मध्ये नेवाडा आणि न्यू जर्सी यांनी काल्शीला सौदे थांबवण्याच्या नोटिसा दिल्या. एप्रिलमध्ये न्यू जर्सीतील केंद्रीय न्यायाधीशांनी राज्याला कारवाईपासून रोखले, तर ऑगस्टमध्ये मेरीलँडमधील न्यायाधीशांनी तसाच दिलासा नाकारला.