भाचा, मेहुणा आणि वडोदऱ्याचा पेढीनामा

वडोदऱ्यात वारसाचा पेढीनामा, म्हणजे वंशावळीचा कागद, करताना मराठी घरांचे घोडे दोन शब्दांवर अडते: भाचा आणि मेहुणा. आत्या भावाच्या मुलाला भाचा म्हणते. गुजरातीत तो तिचा भत्रीजो. भाणेज म्हणजे बहिणीचाच मुलगा. 'भाचा'चे भाषांतर 'भाणेज' केले की भावाच्या शाखेतला मुलगा बहिणीच्या शाखेत जाऊन बसतो. मराठीत मावशीही बहिणीच्या मुलाला भाचाच म्हणत असल्याने ही चूक वाचून लक्षातही येत नाही. म्हणून नात्याचे नाव देऊ नये, 'अमुक भावाचा मुलगा' असे फोडून लिहावे.

१८व्या शतकात गायकवाडांबरोबर मराठी घरे इथे आली, तेव्हा दोन्ही भाषांची नात्यांची शिदोरी बरीचशी एकच होती. सासू श्वश्रूपासून, नणंद ननान्दृपासून, मावशी आणि मासी दोन्ही मातृष्वसेपासून. फरक आहे तो मांडणीत, आणि तिथे मराठी दक्षिणेकडे झुकते. कन्नडात 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही, कारण आत्याच्या मुलाशी लग्न होऊ शकते. मराठी समाजातल्या अनेक जातींतही मामाच्या मुलीशी लग्न चालत आले आहे.

याचा सुंदर पुरावा गुजरातेतच आहे. १२व्या शतकात पाटणच्या हेमचंद्राने 'देशीनाममाला' हा प्राकृत शब्दांचा कोश केला. त्यात 'मेहुणिया'चे दोन अर्थ आहेत: बायकोची बहीण आणि मामाची मुलगी. बायको मामाची मुलगी असेल, तर तिची बहीणही मामाचीच मुलगी! मूळ शब्द मैथुन, म्हणजे जोडी. जेवायला बोलावतात ते मेहूण त्यातलेच. मेहुणा हे नातेही दोन्ही टोकांनी सारखे आहे. बायकोचा भाऊ माझा मेहुणा, तर बहिणीचा नवरा म्हणून मी त्याचा मेहुणा. गुजरातीने मात्र ही टोके वेगळी ठेवली: साळो आणि बनेवी. कागदावर यांतला कोणता, ते ठरवूनच लिहावे लागते.

वयाचा भेदही गुजराती काटेकोर पाळते: नवऱ्याचा थोरला भाऊ जेठ, धाकटा दियर, त्यांच्या बायका जेठाणी, देराणी. मराठीत सगळे दीर, सगळ्या जावा. चुलत्यात मात्र हा भेद एकेकाळी होता. चुलता ज्यापासून आला तो संस्कृत 'क्षुल्लतात' म्हणजे धाकटा बाप, वडिलांचा धाकटा भाऊ. तो अर्थ पुसला गेला, म्हणूनच आज 'थोरला चुलता' म्हणताना कानाला काही खटकत नाही.