केबल काढा, फाइल तरीही जाईल

नोव्हेंबर २०२२ मध्ये रॅन्समवेअरने, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पाडले, तेव्हा बातम्यांत दोनच प्रश्न गाजले: हल्लेखोर कुठल्या देशातले आणि खंडणी किती कोटींची? २०० कोटींचा आकडा तर घरोघरी पोचला. अशी मागणी आल्याचं एम्सने आम्हाला कळवलेलं नाही, असं दिल्ली पोलीस सांगत होते, पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. पाच सर्व्हर बाधित झाले, साधारण १.३ टेराबाइट डेटा वाचता येईना आणि रुग्णालयाचं बरंचसं काम कागदावर आलं. पुढे संसदेत सरकारने उत्तर दिलं, त्यात कारण एका रुक्ष वाक्यात होतं: नेटवर्कची विभागणी नीट नव्हती. त्या वाक्यावर वाद झडल्याचं मला तरी आठवत नाही. मला मात्र सगळ्या प्रकरणात तेच महत्त्वाचं वाटतं.

कारण कुठल्याही संस्थेत विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "फायरवॉल आहे ना आमच्याकडे." असतोच. इंटरनेटची लाइन इमारतीत शिरते तिथे तो बसवलेला असतो आणि आत-बाहेर जाणारं तपासतो. पण आतल्या आत, या सर्व्हरकडून त्या सर्व्हरकडे जे जातं, ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हल्लेखोराला आत यायला एकच कमकुवत यंत्र पुरतं. खरं नुकसान त्यानंतर होतं, तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सरकतो तेव्हा. सुरक्षेच्या धंद्यात याला लॅटरल मूव्हमेंट म्हणतात.

आता यात व्हर्च्युअल मशीनची भर घाला. आज एकेका सर्व्हरवर वीस-तीस व्हर्च्युअल मशीन सहज चालतात. प्रत्येकाला वाटतं आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची डिस्क आहे, स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर एकाच यंत्राचे हे सगळे भास उभे करत असतं. "वेगळी मशीन आहेत, म्हणजे एक बिघडलं तरी बाकीची सुरक्षित," हा समज इथूनच येतो. मेमरी आणि डिस्कपुरता तो बराचसा खरा आहे. नेटवर्कच्या बाबतीत अजिबात नाही.

हे घरीही तपासता येतं. जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स हा फुकट मिळणारा हायपरवायझर टाका, त्यावर दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीन उभी करा आणि एकातून दुसऱ्यात मोठी फाइल कॉपी करायला लावा. कॉपी चालू असताना डेस्कटॉपची नेटवर्क केबल उपटा. ब्राउझरमधलं प्रॉक्समॉक्सचं पान गोठेल, पण केबल पुन्हा जोडून पाहिलंत तर कॉपी मधल्या वेळात पुढे गेलेली असते. दोन मशीनमधला वेग आयपर्फ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या साधनाने मोजला तर आणखी मजा येते: एक गिगाबिटच्या कार्डावर दहा गिगाबिटच्या वरचा आकडा सहज दिसतो.

कारण सोपं आहे. पहिल्या मशीनला दुसऱ्याचा आयपी पत्ता ठाऊक आहे आणि तो आपल्याच सबनेटमधला, म्हणजे नेटवर्कच्या आपल्याच गटातला आहे हेही कळतं. म्हणून ते राउटरकडे जातच नाही. "हा पत्ता कुणाचा?" अशी हाळी सगळ्यांना घालतं, दुसरं मशीन आपला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) कळवतं आणि पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, निघतं. निघून जातं कुठे, तर हायपरवायझरमधल्या व्हर्च्युअल स्विचकडे. तो स्विच म्हणजे धातूचा डबा नाही, एक तक्ता आहे: कुठला मॅक पत्ता कुठल्या पोर्टवर, म्हणजे मशीन जोडायच्या कुठल्या खाचेवर. तो तक्ता बघतो आणि पॅकेटचे बाइट मेमरीतल्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवतो. झालं. तारेवर काहीच गेलं नाही, मग तारेच्या टोकाला बसलेल्या लाखो रुपयांच्या फायरवॉलला काय दिसणार? दोन मशीन वेगळ्या सर्व्हरवर पण एकाच सबनेटमध्ये असतील, तर पॅकेट तारेवर येतं खरं, पण स्विचपाशीच वळतं. फायरवॉल तेव्हाही वाटेत नसतो. जुन्या चाळीतल्यासारखा हा प्रकार आहे: फाटकावर भय्या बसलेला, आणि आत सगळ्या खोल्यांची दारं एकाच गॅलरीत उघडतात.

या गॅलरीतून काय धावू शकतं ते जगाने २७ जून २०१७ रोजी पाहिलं. युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम आत शिरला. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली एक त्रुटी तो वापरत होता, आणि तिच्यावरचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. पण पॅच लावलेली यंत्रंही पडली. कारण नॉटपेट्याकडे दुसरा रस्ता होता. बाधित यंत्राच्या मेमरीतून तो लॉगिनची माहिती उचलायचा, आणि त्यात एखाद्या अ‍ॅडमिनचं लॉगिन सापडलं की विंडोजच्याच अधिकृत साधनांनी शेजारच्या यंत्रात राजरोस शिरायचा. किल्ली खरी असल्यावर दार कशाला अडवेल?

मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा त्यात कोसळली आणि आपल्या न्हावा शेव्यातलं, त्याच समूहाकडे असलेलं गेटवे टर्मिनल्स इंडियाही ठप्प होऊन हाताने कामाला लागलं. युक्रेनमधल्या करभरणीच्या सॉफ्टवेअरचा उरणच्या कंटेनरशी काय संबंध? आतला रस्ता मोकळा होता, एवढाच. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, हे कंपनीच्या अध्यक्षांनीच २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. कंपनीभरातल्या लॉगिनचा ताबा ठेवणारे सर्व्हर सगळीकडे पुसले गेले होते, वाचला तो फक्त घानाच्या ऑफिसातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीत त्या दिवशी कामी आलेली विभागणी घानातल्या गेलेल्या विजेने केलेली होती.

मग विभागणी करायची कशी? जुना उपाय व्हीलॅनचा. प्रत्येक पॅकेटवर १२ बिटांचा क्रमांक चिकटवायचा आणि स्विचने एका क्रमांकाचं पॅकेट दुसऱ्या क्रमांकात जाऊ द्यायचं नाही. १२ बिट म्हणजे ४,०९६ क्रमांक, दोन राखीव, उरले ४,०९४. क्लाउडवाल्यांना ते पुरेनात म्हणून व्हीएक्सलॅन आलं: २४ बिट, दीड कोटीच्या वर क्रमांक. अकाउंट्स एका व्हीलॅनमध्ये, सीसीटीव्ही दुसऱ्यात, सर्व्हर तिसऱ्यात, हे करायलाच हवं. पण एका व्हीलॅनच्या आत सगळं पुन्हा मोकळंच. "सर्व्हर व्हीलॅन" नावाच्या एकाच डबक्यात वेबसाइट, डेटाबेस, पगाराचं सॉफ्टवेअर आणि कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी उभं करून विसरलेलं मशीन, हे दृश्य सर्रास दिसतं. घुसखोर बहुधा त्या विसरलेल्या मशीनमधूनच येतो.

यावरचा उपाय मला फार आवडतो. व्हर्च्युअल स्विच हा सॉफ्टवेअरचा तक्ताच आहे ना? मग त्याच्या प्रत्येक पोर्टवरच फायरवॉल का बसवू नये? प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क कार्डाला चिकटून, पॅकेट बाहेर पडताक्षणी तपासणारा. याला मायक्रोसेगमेंटेशन म्हणतात. व्हीएमवेअरच्या एनएसएक्समध्ये तो आहे, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधले सिक्युरिटी ग्रुप हे त्याच तत्त्वाचे, प्रॉक्समॉक्समध्ये तो फुकट मिळतो.

यातली खुबी जागेची आहे. मशीनच्या आत, विंडोजमध्ये किंवा लिनक्समध्ये, फायरवॉल असतोच, पण घुसखोराला तिथे अ‍ॅडमिनचे अधिकार मिळाले की तो पहिल्यांदा तोच बंद करतो. हा दुसरा फायरवॉल मशीनच्या बाहेर, हायपरवायझरमध्ये आहे. आतून तो दिसतही नाही. घुसखोराने आपला आयपी बदलून शेजाऱ्याचं सोंग घेतलं तरी उपयोग नाही, कारण "या पोर्टवरून फक्त याच मॅक आणि याच आयपीची पॅकेटं निघतील" असाही नियम तिथे लावता येतो. आणि मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं तर नियमही त्याच्या मागोमाग जातात.

समजा १०.०.५.२१ वर वेबसाइट आहे आणि १०.०.५.३४ वर तिचा पोस्टग्रेस डेटाबेस. नियम एकच: २१ ने ३४ च्या ५४३२ पोर्टवर बोलणं सुरू करावं (हा पोर्ट म्हणजे स्विचची खाच नाही, मशीनमधल्या एका सेवेचा क्रमांक). बाकी सगळं बंद. मग डेटाबेसचं उत्तर परत कसं येतं? पहिलं पॅकेट मंजूर झालं की फायरवॉल एका तक्त्यात पाच गोष्टी टिपतो: दोन्ही आयपी, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल (बोलण्याची पद्धत, उदाहरणार्थ टीसीपी). उलट दिशेचं पॅकेट या नोंदीशी जुळलं की नियम न बघता आत. म्हणजे डेटाबेस उत्तर देऊ शकतो, पण स्वतःहून वेबसाइटशी बोलणं काढू शकत नाही. नॉटपेट्याच्या फाइल शेअरिंगला ४४५ पोर्ट लागतो. तो बंद असेल, तर चोरलेलं लॉगिन कितीही खरं असलं तरी तिथे टाइप करायला जागाच नाही.

पण या तक्त्याची एक खोड आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, चालू टीसीपी संवादाची नोंद, एकही पॅकेट गेलं नाही तरी, सेटिंग बदललं नसेल तर ४,३२,००० सेकंद टिकते. म्हणजे पाच दिवस. तुम्ही आज नियम कडक केलात आणि घुसखोराचा संवाद कालपासून उघडा असेल, तर नवा नियम त्याला लागूच होत नाही, ती नोंद हाताने पुसावी लागते. दुसरी खोड: लिनक्सच्या ब्रिजवरून, म्हणजे तिथल्या व्हर्च्युअल स्विचवरून, जाणारं पॅकेट आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांतून जातंच असं नाही. त्यासाठी बीआर-नेटफिल्टर हे मॉड्यूल चालू असावं लागतं. ते नसेल तर नियम लिहिलेले, सेवा चालू, सगळं हिरवं, आणि नियमाला किती पॅकेटं लागली ते मोजणारा आकडा शून्यावर बसलेला. म्हणून नियमांशेजारचा तो आकडा बघायची सवय लावावी. ज्यांचं डोकं इथे गरगरलं त्यांनी हा परिच्छेद आपल्या सिस्टम अ‍ॅडमिनला पाठवावा.

दसऱ्याला सर्व्हर रूममध्ये झेंडूचा हार आणि रॅकला कुंकू, याला माझी हरकत नाही. फक्त पाणी लांब ठेवा. पण "झिरो ट्रस्ट" (आतल्यावरही आपोआप विश्वास नको, हे तत्त्व) आणि "एआय" असे दोन स्टिकर लावलेला डबा विकत घेतला की काम झालं, ही श्रद्धा हारापेक्षा महाग पडते. डबा आला तरी कुणी कुणाशी बोलायचं हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

मायक्रोसेगमेंटेशनलाही मर्यादा आहेत. जे दार उघडं ठेवलंय त्यातून हल्ला येऊ शकतो: वेबसाइटमध्येच त्रुटी असेल तर ५४३२ मधून डेटाबेस वाचला जाईल. त्याहून मोठी मर्यादा अशी की सगळे नियम हायपरवायझर पाळतो. २०१५ मध्ये सापडलेल्या व्हेनम या त्रुटीत व्हर्च्युअल मशीनच्या आतून हायपरवायझरपर्यंत पोचता येत होतं, तेही फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या, कुणी वापरत नसलेल्या कोडमधून. त्यामुळे हायपरवायझरचं लॉगिन पान मशीनच्या नेटवर्कमधून दिसता कामा नये आणि बॅकअपचा सर्व्हरही तिथून पोचण्यासारखा नको. ही दोन कामं पैसे न टाकता आजच होतात.

बाकीचं कंटाळवाणं आहे. सुरुवातीला काही अडवायचं नाही, फक्त नोंदवायचं, आणि महिन्याची अखेर त्यात येऊ द्यायची, कारण पगाराचं मशीन महिन्यातून एकदाच बँकेच्या मशीनशी बोलतं. नोंदींची यादी घेऊन बसलं की दहा-पंधरा संवाद असे निघतात की ते कशाचे हे कुणालाच सांगता येत नाही. ते आधी शोधायचे, मग बंद करायला लागायचं. आणि रात्री दोन वाजता व्हेंडर फोनवर "सर, जरा पाच मिनिटं सगळं उघडा" म्हणेल, तेव्हा त्याच्यासाठीच्या नियमाला मुदत घालायची. बऱ्याच फायरवॉलमध्ये ती सोय असते, शेड्यूल नावाच्या, सहसा कुणी न उघडलेल्या टॅबमध्ये.