उत्खनन संपल्यावरचा खर्च

लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या मुख्यालयाच्या जागेवर 2010 ते 2014 या काळात उत्खनन झाले. वॉलब्रूक ओढ्याकाठच्या ओल्या चिखलात ऑक्सिजन पोचत नसल्याने लाकूड टिकले होते. तिथून 405 रोमन लेखनपाट्या निघाल्या. पाटीच्या खोलगट भागात काळे मेण भरून त्यावर लोखंडी टोच्याने लिहीत. मेण केव्हाच गेले होते. उरले होते ते टोचा लाकडापर्यंत रुतल्याचे ओरखडे. त्यातही पाटी पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे एका मजकुरावर दुसरा चढलेला. लाकूड धुऊन, गोठवून सुकवले, वेगवेगळ्या कोनांतून तिरपा प्रकाश टाकून छायाचित्रे घेतली आणि रोमन हस्तलिपींचे अभ्यासक रॉजर टॉमलिन यांनी एकेक अक्षर लावले. एका पाटीवर तारीख निघाली : 8 जानेवारी, इ.स. 57. टिबुलस नावाचा गुलामीतून सुटलेला माणूस लिहून देतो, की घेतलेल्या मालापोटी ग्रेटसचे 105 डिनारी (रोमन चांदीची नाणी) आपण देणे लागतो. रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्याला तेव्हा जेमतेम 14 वर्षे झाली होती!

खर्च बांधकाम करणाऱ्याने उचलला. इंग्लंडमध्ये 1990च्या नियोजन मार्गदर्शिकेपासून हीच रीत आहे. आदल्याच वर्षी लंडनमधल्या शेक्सपिअरकालीन रोझ नाट्यगृहाचे अवशेष नव्या इमारतीच्या जागेवर उघडे पडले आणि मोठे आंदोलन झाले. काम निम्म्यावर आल्यावर अवशेष सापडणे सगळ्यांनाच महाग पडते. म्हणून आता आधी जुने नकाशे व नोंदी तपासतात, मग जागेच्या साधारण 2 ते 5 टक्के भागात चाचणी चर घेतात. त्यातून ठरते, की अवशेष जागीच ठेवायचे की पूर्ण उत्खनन करायचे.

जागीच ठेवणे स्वस्त, पण निर्धोक नव्हे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात पायाच्या खांबांनी 5 टक्क्यांपर्यंत अवशेषांचे थर नष्ट झाले तर चालतील, असा दंडक रूढ झाला. मात्र खांबांमुळे किंवा शेजारच्या तळघरामुळे भूजल खाली गेले, तर उरलेल्या थरांतले लाकूड आणि चामडे सुकून कुजते, आणि वरून कुणालाच ते कळत नाही.

खरी अडचण उत्खननाच्या निविदेत आहे. बांधकाम व्यावसायिकाला हवी असते परवानगी; ज्ञान त्याच्या हिशोबात नसते. त्यामुळे कंत्राट बहुधा सर्वांत कमी दराला जाते, आणि कात्री लागते ती उत्खननानंतरच्या कामाला. प्रत्येक महत्त्वाच्या थरातून 40 ते 60 लिटर माती घेऊन ती पाण्यात ढवळायची, तरंगणारी जळकी बी-बियाणी बारीक चाळणीवर धरायची, हाडे ओळखायची, खापरे मोजायची, अहवाल छापायचा. हे सगळे इमारत उभी राहिल्यावरही चालू असते, आणि तोवर पैसे देणाऱ्याची घाई संपलेली असते. पाट्या नुसत्या खोक्यात भरून ठेवल्या असत्या तर टिबुलसचे कर्ज कुणाला कळले असते? विश्लेषणाचे आणि वस्तू सांभाळण्याचे पैसे खोदाईआधीच जमा करून घ्यावेत, आणि अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत बांधकाम परवानगीतली उत्खननाची अट पूर्ण झाल्याचा शेरा देऊ नये.

भारतात 2010च्या कायदादुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आखले. जमिनीखालच्या, कुठेच नोंद नसलेल्या वस्तीला हे कवच नाही. तेर, पैठण, जुन्नर इथे आजची वस्ती सातवाहनकालीन थरांवरच उभी आहे. तिथल्या गावठाणात नव्या तळघराला परवानगी देण्याआधी निदान एक चाचणी चर घेणे सक्तीचे व्हायला हवे.