विकत घेतलेला चित्रपट आणि त्याची दोन कुलपं

डिजिटल दुकानातून पैसे मोजून उतरवून घेतलेल्या चित्रपटावर दोन बंधनं असतात. त्याची फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाही, आणि ज्या देशाचं खातं असेल त्याच देशाच्या दुकानातून तो मिळतो. आज दोन्ही बंधनं एकाच नियमावलीत सापडतात म्हणून ती एकच वाटतात. पण त्यांची मुळं वेगळी आहेत.

प्रदेशाचं बंधन जुनं. चित्रपटाचा धंदा पूर्वीपासून मुलूख वाटून चालत आला आहे. आपल्याकडे हिंदी चित्रपटांचे वितरणहक्क ‘सर्किट’प्रमाणे विकले जातात : मराठवाडा निजाम सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडमध्ये. निजामाचं राज्य गेलं, मध्य प्रांत गेला, पण वितरकांच्या वाटण्या त्याच नावांनी टिकल्या. हॉलिवूडने हेच देशांच्या पातळीवर केलं. प्रत्येक देशाचा वितरक वेगळा, त्याने मोजलेले पैसे वेगळे, प्रदर्शनाची तारीखही वेगळी. रिळं डब्यांतून प्रवास करत होती तोवर ही वाटणी सांभाळायला कुलपाची गरजच नव्हती.

प्रत काढली जाण्याची भीती व्हीसीआरबरोबर आली. घरात कार्यक्रम रेकॉर्ड करून नंतर पाहण्यावरून युनिव्हर्सल स्टुडिओने सोनीला कोर्टात खेचलं होतं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. स्टुडिओंनी तंत्राचाही आधार घेतला. मॅक्रोव्हिजन या कंपनीची युक्ती अशी : पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या रेषांमध्ये जास्तीचे विद्युत स्पंद मिसळायचे. टीव्हीला त्याचा त्रास होत नसे, पण दुसऱ्या व्हीसीआरमधलं सिग्नल आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट गोंधळून जाई आणि प्रतीतलं चित्र सारखं अंधारून येई, पुन्हा उजळे.

ही दोन बंधनं एकत्र बांधली गेली ती डीव्हीडीत, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच आहे. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आली. तिच्यावरचा चित्रपट सीएसएस नावाच्या ४० बिटांच्या सांकेतिकीकरणाने बंद केलेला असे. तो उघडण्याची किल्ली हवी तर प्लेअर बनवणाऱ्याने परवाना घ्यायचा, आणि परवान्याची एक अट अशी की प्लेअरने प्रदेशाचा क्रमांक पाळलाच पाहिजे. अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. परदेशातून नातेवाइकांनी आणलेली अस्सल, पूर्ण किंमत मोजलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरवर चालायची नाही, ती या अटीमुळे. संगणकाच्या ड्राइव्हवर प्रदेश पाच वेळा बदलता येई, त्यानंतर तो कायमचा ठरून जाई. यात चोरी रोखण्याचा काडीचाही संबंध नव्हता. वितरणाचा करार ग्राहकाच्या दिवाणखान्यातल्या यंत्राकडून पाळून घेतला जात होता, इतकंच.

कायद्याने त्यावर शिक्का मारला. १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याने प्रत काढण्याबरोबरच कुलूप तोडणंही स्वतंत्रपणे बेकायदा ठरवलं. पुढच्याच वर्षी सीएसएस उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम पसरला. त्यासाठी नॉर्वेत योन लेक योहान्सन या किशोरवयीन मुलावर खटला भरला गेला. २००३ मध्ये तो खालच्या आणि अपिलाच्या अशा दोन्ही न्यायालयांतून निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी माणसाने हव्या त्या साधनाने पाहिली तर तो गुन्हा होत नाही, असं तिथल्या न्यायाधीशांना वाटलं. अमेरिकेत हाच प्रोग्राम प्रसिद्ध करणारं ‘२६००’ मासिक मात्र हरलं.

इंटरनेटवरची दुकानं आली तेव्हा ही घडी बसलेली होती. ॲपलने आयट्यून्सवर ऑक्टोबर २००५ पासून टीव्ही मालिका आणि सप्टेंबर २००६ पासून चित्रपट विकायला सुरुवात केली, पहिले चित्रपट डिस्नेच्या कंपन्यांचे. फेअरप्ले या कुलपामुळे फाइल जास्तीत जास्त पाच संगणकांवर चाले. २००९ मध्ये आयट्यून्सवरची गाणी कुलपातून सुटली, चित्रपट सुटले नाहीत. गाणी सीडीवर आधीपासूनच बिनकुलपाची विकली जात होती, त्यामुळे तिथे कुलपाने फारसं काही वाचत नव्हतं. चित्रपटांच्या बाबतीत चित्रपटगृह, भाडं, विक्री, टीव्ही अशी कमाईची उतरंड होती आणि स्टुडिओ ती सोडायला तयार नव्हते.

पण डिस्क आणि फाइल यांत एक मोठा फरक पडला. डिस्कची किल्ली डिस्कवर आणि प्लेअरमध्ये असे, कंपनी बुडाली तरी डिस्क चाले. फाइलची किल्ली येते विक्रेत्याच्या सर्व्हरवरून, ग्राहकाच्या खात्याला बांधलेली. गूगल व्हिडिओने जानेवारी २००६ मध्ये विक्री सुरू केली आणि ऑगस्ट २००७ मध्ये ती बंद करताना विकलेले व्हिडिओही यापुढे चालणार नाहीत असं कळवलं. आधी भरपाई म्हणून गूगलच्याच चेकआउट सेवेत जमा रक्कम देऊ केली. लोक संतापले, तेव्हा कंपनीने कार्डावर पैसे परत केले आणि व्हिडिओ पाहायला आणखी सहा महिने दिले. पुढे अनेक स्टुडिओंनी मिळून २०११ मध्ये अल्ट्राव्हायोलेट उभं केलं. एकदा घ्या, कुठल्याही दुकानाच्या ॲपवर पाहा, असं ते आश्वासन होतं. ३१ जुलै २०१९ ला तेही बंद पडलं.

देश बदलणाऱ्यांची अडचण याच रचनेतून येते. दुकानाचं खातं देशाला आणि तिथल्या पैसे भरण्याच्या साधनाला जोडलेलं असतं. पुण्याहून टोरांटोला गेलेल्या माणसाने खात्याचा देश बदलला, की भारतात घेतलेला एखादा चित्रपट कॅनडाच्या दुकानात नसला तर तो पुन्हा उतरवता येईलच असं नाही. ॲपलच देश बदलण्याआधी हवं ते यंत्रावर उतरवून घ्या असं सुचवते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये एकाच बाजारात देशावरून ग्राहकाला अडवण्यावर निर्बंध आणले, पण दृकश्राव्य सेवा त्यातून वगळल्या.

भारतात कुलपाला कायद्याचं संरक्षण २०१२ च्या दुरुस्तीने मिळालं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ नुसार हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘हेतूने’ ही अट आपल्या कायद्यात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणाऱ्याला त्यामुळे निदान वाट उरते.

कुलपाशिवाय धंदा होत नाही, हा दावा २०११ च्या डिसेंबरमध्ये एका माणसाने तपासून पाहिला. अमेरिकी विनोदी कलाकार लुई सी. के. याने आपल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण स्वतःच्या संकेतस्थळावर ५ डॉलरला विकलं. ना प्रतीवर बंधन, ना देशाचं. दोन आठवड्यांच्या आत विक्री १० लाख डॉलरच्या पुढे गेली. अर्थात त्याच्याकडे विकायला सगळे हक्क स्वतःचे होते, कुठल्याही मुलुखाच्या वितरकाचा आगाऊ पैसा त्यात अडकलेला नव्हता.

१ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात लागू झालेला कायदा विक्रेत्यांना बजावतो : ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर ‘खरेदी करा’ असं बटण लावू नका. कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येणारी फाइल देणाऱ्यांना मात्र त्यातून सूट आहे.