फोटो कंपोझिट

वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी काढलेले फोटो जोडून केलेलं एकच चित्र म्हणजे फोटो कंपोझिट. आग, धूर, पाऊस, वीज असले इफेक्टही याच पद्धतीने टाकतात. गोव्यात हे काम सगळ्यात जास्त दिसतं ते जत्रा-कालोत्सवातल्या मराठी नाटकांच्या बॅनरवर, कारण कलाकार सगळे गावचेच, कोण नोकरीवर कोण दुकानात, सगळ्यांना मेकअप करून एकत्र उभं करणं जमत नाही, मग प्रत्येकाचा घरी मोबाईलवर काढलेला फोटो येतो आणि त्यातून एडिटरने दरबार उभा करायचा.

ही कला कॉम्प्युटरच्या आधीची आहे. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेजलँडरने तीसेक निगेटिव्ह जोडून एक मोठा फोटो केला होता, आणि त्याच दशकात फ्रान्सचा ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्यावरून छापायचा, कारण तेव्हा दोन्ही एकदम नीट येत नसत. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, पण लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले वेगवेगळे थर, मिळाले १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आणि हे काम खऱ्या अर्थाने तेव्हा सोपं झालं. गिंप हे असंच दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे, लेयर आणि लेयरचा भाग झाकायचे मास्क त्यातही आहेत.

माणूस कापताना इरेझर वापरू नये, मास्क वापरावा. मास्कवर काळा रंग लावला की तो भाग लपतो, पांढरा लावला की परत दिसतो, म्हणजे चुकलं तरी मूळ फोटो शाबूत. केसांची कड मात्र वेळ खातेच.

पण कटिंग कितीही सफाईदार असलं तरी उजेड जुळला नाही तर चित्र खोटंच दिसतं, आणि नवशिके नेमके इथेच घाई करतात. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी काढलेल्या माणसाच्या अंगावर कडक सावली नसते, त्याच्या मागे मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावरचं मे महिन्यातलं ऊन लावलं की तो चिकटवल्यासारखा वाटतो. आपल्याकडच्या लाल मातीचंही तसंच, तिच्यावर पडलेलं ऊन उलटून पांढऱ्या धोतराच्या खालच्या काठाला हलकी तांबूस छटा देतं, एवढी एक छटा ब्रशने दिली आणि पायाखाली मऊ सावली टाकली की माणूस जमिनीवर उभा राहतो. मांडवीवर आतषबाजी दाखवायची तर पाण्यातही तिचा उजेड हवाच.

नरकासुराच्या पोस्टरवर ज्वाळा टाकायला काळ्या बॅकग्राउंडवरचा आगीचा फोटो घेऊन लेयरला स्क्रीन मोड देतात. यात दोन्ही लेयरचे रंग उलटे करून गुणतात आणि उत्तर परत उलटं करतात, त्यामुळे काळा आपोआप गायब होतो आणि आग तेवढी राहते, काही कापावं लागत नाही. मल्टिप्लाय मोड याच्या उलट, त्यात पांढरा जातो, म्हणून सावल्यांना तो बरा. ज्वाळा टाकल्यावर नरकासुराच्या गालावर आगीच्या बाजूने नारिंगी उजेड द्यायला विसरू नये.

फायनल जेपीजी केली तरी पीएसडी, म्हणजे लेयर वेगळे ठेवणारी फोटोशॉपची फाईल, जपून ठेवायची. जेपीजीत सगळे लेयर एकात मिसळतात, आणि बॅनर छापायला जायच्या आदल्या रात्री नाटकातलं एखादं पात्र बदललं तर पीएसडीत त्या एकाच लेयरवर नवा माणूस बसवता येतो.