बोलारमचं राष्ट्रपती निलयम पाहायचंय? बुकिंग नेमकं कुठे अडतं ते वाचा

नांदेड-परभणीकडची मंडळी हैदराबादला गेली की चारमिनार, सालारजंग करून परततात. हैदराबादजवळच्या बोलारमचं राष्ट्रपती निलयम, म्हणजे राष्ट्रपतींचं दक्षिणेतलं मुक्कामाचं घर, राहूनच जातं. १८६० सालची ही बैठी कोठी. निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, इथे राहायचा, निजामाचं राज्य गेल्यावर ती भारत सरकारकडे आली. मार्च २०२३ पासून वर्षभर सगळ्यांसाठी खुली आहे.

बुकिंग राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर होतं. माणशी ५० रुपये, परदेशी नागरिकांना २५०. पहिला घोळ इथेच होतो. दिल्लीचं भवन, शिमल्याचं निवास आणि हैदराबादचं निलयम, तिन्ही एकाच ठिकाणी दिसतात. घाईत दिल्ली निवडली जाते. पैसे भरायच्या आधी ‘हैदराबाद’ शब्द डोळ्यांनी वाचा. शहरात कोठी भागात रेसिडेंटची जुनी रेसिडेन्सी आहे, ती इमारत वेगळी. रिक्षावाल्याला ‘रेसिडेन्सी’ म्हणू नका, ‘बोलारम’ म्हणा.

आता कागद. आधार, मतदान कार्ड, लायसन्स, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं, पण अर्जात ज्या ओळखपत्राचा नंबर दिला तेच मूळ कार्ड हातात हवं. झेरॉक्सच्या भरवशावर निघू नका. नाव कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. सुनेच्या आधारवर माहेरचं नाव असेल तर तेच लिहा, घरात हाक मारतो ते नाही. सगळ्यांचं बुकिंग एकाच मोबाइलवरून होतं, म्हणून बाकीचे कार्ड घरीच ठेवतात आणि फाटकाशी अख्खं कुटुंब खोळंबतं. प्रत्येकाने आपापलं कार्ड खिशात ठेवायचं.

सोमवारी आणि राजपत्रित सुट्ट्यांना बंद. वेळ सकाळी १० ते ५, पण शेवटचा प्रवेश ४ वाजता. पाचपर्यंत उघडं म्हणून साडेचारला पोचणाऱ्यांना परत फिरावं लागतं. डिसेंबरात राष्ट्रपती मुक्कामाला येतात, तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत. मुलांच्या नाताळच्या सुट्टीत बेत असेल तर गाडीचं रिझर्वेशन करण्याआधी संकेतस्थळावर तारीख उघडी आहे का ते बघा. जागेवर रिसेप्शनलाही तिकीट मिळतं, पण इतक्या लांबून त्या आशेवर येऊ नये.

नांदेड-सिकंदराबाद लोहमार्ग बोलारमवरूनच जातो, मात्र सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. सामान घेऊन थेट फाटकावर जाऊ नका, तपासणीत वेळ जातो. आत गेल्यावर स्वयंपाकघरातून जेवणघराकडे जाणारा भुयारी रस्ता चुकवू नका. ताटं त्याच वाटेने नेली जायची. आता त्याच्या भिंतींवर तेलंगणच्या चेरियाल या लोककलेच्या शैलीतली चित्रं आहेत.